वस्तीची मागची बाजू

होळीनंतरच्या एका रविवारी सकाळी देवपूजा आटोपून, कॅमेरा गळ्यात घालून मी वणीतल्या रेल्वे लाइनीकडे निघालो. कोळशाची मालगाडी नुकतीच गेली होती... लाइनीला लागून असलेल्या वस्तीवर कोवळं ऊन पडलं होतं.

रुळांच्या कडेनं चालत मी फोटो काढत गेलो. कुणी दात घासत होतं, कुणी पाणी तापवत होतं. जुन्या साडीच्या आडोशाला एक बाई राखेनं भांडी घासत बसली होती, शेजारून सांडपाणी वाहत होतं. तिनं वर पाहिलं, पदर सारखा केला... आणि मी क्लिक केलं. विचारलं नाही.

शेजारची म्हातारी ओरडली, "शोभे, केस त विंचर वो! पेपरात येऊन राह्यली तू!" दोघी हसल्या. ते हसणं म्हणजेच परवानगी, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी तो फोटो इथेच, माझ्या पेजवर टाकला. खाली लिहिलं, 'रुळांच्या कडेचं जगणं... जिथे स्वच्छता हीसुद्धा चैन असते.' तुम्ही भरभरून दाद दिलीत, अनेकांनी शेअर केला. मी स्वतःवर फार खूश होतो.

काही दिवसांनी बायकोनं मोबाइल माझ्यासमोर धरला. "अहो, हे त आपली शोभाबाई होय. वर्षभर कुरड्या कोनाच्या खाता तुमी?"

मला काहीच माहीत नव्हतं. शेवया, कुरडया, पापड, सरगुंडे... आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांचं उन्हाळ्याचं वाळवण शोभाबाई करून देते. माझा फोटो बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर फिरत होता. 'एवढ्या घाणीत करते का ही?' असं कुणीतरी विचारलं, आणि एकेका घरानं यंदाचं काम नको म्हणून कळवलं. तिचं वर्ष निघतं ते या उन्हाळ्यावर.

दुसऱ्या दिवशी बायको मला तिच्याकडे घेऊन गेली. लाइनीकडून नाही, रस्त्याकडून, गल्लीतून. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की या सगळ्या घरांची पाठ रेल्वेकडे आहे. कोळशाची धूळ उडते म्हणून दारं रस्त्याकडे, आणि न्हाणी, भांडी, सगळं त्या बाजूला. पुढं सारवलेलं अंगण, दाराशी रांगोळी, बाजेवर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलेलं. त्यावर कुरडया असायला हव्या होत्या. धोतर रिकामं होतं.

मी वस्तीचे म्हणून जेवढे फोटो काढले होते, ते सगळे लोकांच्या न्हाणीचे होते.

शोभाबाईनं मला लगेच ओळखलं. "भाऊ, तुमच्या घरी पाहुणा आला त कुठून येते? न्हाणीतून?"

"मंग त्याईले पाट बी न्हाणीतच टाक!" म्हातारी आतून म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

मी कसंबसं म्हणालो, "तो फोटो काढून टाकतो... आता पुढून एक चांगला काढतो, तो टाकतो."

"नोका काढू. मले फोटोच नाई पाहिजे आता," ती म्हणाली. "लोकं तुमचं आयकते न? मंग ज्याईनं नाई म्हटलं, त्याईच्या घरी जा अन् तोंडानं सांगा."

एवढं बोलून तिनं आमच्यासाठी चहा ठेवला.

फोटो त्याच दिवशी डिलीट केला. ते सोपं होतं. पण काम नको म्हणालेल्या त्या घरांतले पुरुष रोज संध्याकाळी माझ्यासोबत सामुदायिक प्रार्थनेला बसतात. मौनाच्या वेळी डोळे मिटले, की पदर सारखा करणारा तो हात दिसायचा... आणि प्रार्थना संपली की मी कुणाशी न बोलता चप्पल घालून निघायचो. असे बरेच दिवस गेले. देवाकडे धीर मागत राहिलो. मग त्या मागण्याचीही लाज वाटली. त्यानं पाय दिलेले होतेच, चालायचं मलाच होतं.

या रविवारी गेलो. एकटाच. प्रत्येक घरी एकच सांगितलं, "तो फोटो मी न विचारता मागच्या बाजूनं काढला. खाली जे लिहिलं, ते न पाहता लिहिलं. शोभाबाईचं घर मी आता पाहिलंय. तिचं काम बंद झालं ते माझ्यामुळं."

कुणी म्हणालं, "अहो, कुरडयांसाठी एवढं?" एका वहिनींनी तिथल्या तिथे शोभाबाईला फोन लावला. दोघी-तिघी 'बघू' म्हणाल्या. शेवटच्या घरातल्या काकांनी नुसता पाण्याचा तांब्या पुढं केला.

सगळी घरं झाली. राहिला होतात तुम्ही... तो फोटो तुमच्याचसमोर टाकला होता, म्हणून शोभाबाईला विचारून, तिच्या नावासकट, हे इथे लिहिलं.