दिवाळी अंकांच्या पिशवीतून गेलेलं यान

दीनानाथ टिपणीसांचं डोकं ठिकाणावर नाही, असं आमच्या सरोजिनीनगरच्या क्वार्टरांतल्या निम्म्या लोकांचं मत होतं. उरलेल्या निम्म्यांशी त्यांची अजून ओळख व्हायची होती. मी तर शेजारी.

टिपणीस दिल्लीत केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. अडुसष्ट साली सरकारी ट्रेनिंगला सहा महिने लंडनला गेले आणि तिथल्या टीव्हीवरच्या एका मालिकेच्या नादी लागले. ग्रहाग्रहांवर टपाल पोचवणारं यान आणि त्याची तापट कप्तानबाई, असा सगळा मामला. मालिका तिकडे वर्षानुवर्षं चालली, आपल्या दूरदर्शनवर कधी आलीच नाही. मग टिपणीस तिच्यासोबत निघणारी पुस्तकं जमवू लागले. वार्षिक अंक, भागांची माहिती देणाऱ्या पुस्तिका, यानाचे नकाशे. दूतावासातली कुटुंबं बदलून जाताना रद्दी काढत, ती रविवारी दर्यागंजच्या फूटपाथवर येई आणि तिच्यासमोर टिपणीस उकिडवे बसलेले असत. घरी आणून प्रत्येक अंकाला खाकी कव्हर घालायचं आणि ट्रंकेत ठेवायचं. त्याबद्दल बोलायला मात्र दिल्लीत त्यांना एक माणूस नव्हता. मला सांगू लागले की मला नेमकं दूध आणायचं आठवे.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर घात झाला. आमच्या इथल्या मराठी मंडळात अंकांची पिशवी फिरते. ज्याने त्याने आपले दिवाळी अंक द्यायचे, पिशवी घरोघर जाते, वर्षभर सगळ्यांचं वाचन होतं. टिपणिसांच्या पत्नी प्रभावहिनींनी आपल्या अंकांचा गठ्ठा दिला. त्यांनाही टिपणिसांचीच खाकी कव्हरं, आकारही तोच. त्या गठ्ठ्यातून अडुसष्टचा वार्षिक अंक गेला. त्या वर्षीच्या भागांच्या टेपा तिकडे पुसून टाकल्या होत्या. ती गोष्ट आता जगात त्या अंकापुरतीच उरली होती.

संध्याकाळी टिपणीस माझ्या दारात उभे. चेहरा पांढराफटक.

"शशिकांतराव, स्कूटर काढा."

"अहो, मिळेल यार," मी म्हटलं. "मराठी माणूस पुस्तक हरवत नाही, फक्त परत करत नाही."

त्यांना हसू आलं नाही. तेव्हा मला त्यांची खरंच दया आली.

पिशवी पहिली कोपर्निकस मार्गावर गेली होती, म्हणून आधी तिथे गेलो. तिथल्या गेस्ट हाऊसमधले उल्हास कर्णिक म्हणाले, "अच्छा, तो होय? उघडला तर इंग्रजी! पुढे पाठवून दिला, मुनिरकाला अलकनंदाबाईंकडे."

अलकनंदाबाई रेगे म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. जिना चढताना टिपणीस पुटपुटत होते, "रद्दीत गेला असणार. संपलं सगळं."

दार उघडलं. अंक टेबलावर होता, कव्हरासकट. टिपणिसांनी झडप घालायला हात पुढे केला, तर बाईंनी तो उचलून पोटाशी धरला.

"माझा व्हायचाय अजून. दुसऱ्यांदा वाचतेय," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा, ही कप्तानबाई शेवटची थैली त्या गोठलेल्या ग्रहावर का ठेवून येते? तिथे तर कुणीच राहत नाही."

टिपणिसांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "राहतं. मी पाहिलाय तो भाग. यान लांब गेल्यावर खाली एक दिवा लागतो. अंकात ते छापलेलं नाही."

"बघा! मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "बसा. पहिल्यापासून सांगा. मी चहा टाकते."

चहा झाला, पोहे झाले. मी दोनदा खाकरलो, पण माझ्याकडे बघतंय कोण! टिपणीस दोन्ही हात पसरून यान कसं वळतं ते दाखवत होते आणि बाई मध्येच त्यांना थांबवून उलटतपासणी घेत होत्या. इतका सुखी माणूस मी सरकारी नोकरीत पाहिलेला नाही.

निघताना त्यांनी अंक मागितलाच नाही. चपला घालता घालता विचारलं, "एकोणसत्तरचा पाठवू का, पुढच्या पिशवीतून?"

"पिशवीतून नको," अलकनंदाबाई म्हणाल्या. "प्रभाला घेऊन तुम्हीच या. जे छापलेलं नाही ते मला कोण सांगणार?"