घंटेचा फेरलिलाव

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी शिरूरहून दौंडकडे निघालो, ते लिलावात जिंकलेली घंटा आणायला.

आधी कबुली देतो. मला जुन्या घंटा जमवायचा नाद आहे. आमच्या देवघरात देव चार आणि घंटा एकवीस… शाळेत संस्कृत शिकवतो, त्यामुळे ज्यांना फारसं कुणी विचारत नाही अशा गोष्टींवर जीव लावायची सवय जुनीच.

या घंटा मी मोबाइलवरच्या लिलावात घेतो. तिथे वस्तू आठवडाभर मांडलेली असते. वेळ संपताना सगळ्यात मोठी बोली ज्याची, त्याची वस्तू.

मुरलेला माणूस तिथे आठवडाभर तोंड उघडत नाही. आपल्याला वस्तू हवी आहे हे कळलं की भाव वाढतो. म्हणून मौन… आणि अगदी शेवटच्या क्षणी एकच बोली. समोरच्याला बोट हलवायलाही वेळ राहत नाही. या तंत्राचा मला, खरं सांगतो, थोडा गर्वच होता.

ही घंटा पितळेची, शिसवी मुठीची. शुक्रवारी मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये बसून, चार सेकंद उरले असताना मी बोली टाकली. आणखी तिघे त्याच वेळी जागे झाले, पण घंटा मलाच लागली. तेवढ्यात शिपायाने सुट्टी संपल्याची घंटा दिली… मी तो शुभशकुन मानला.

न्हावरा, चौफुला, पाटस करत, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे, दहाच्या सुमारास पोचलो. अंगणात सोनचाफ्याचं झाड, दाराशी बांधून ठेवलेली खोकी. घंटा विकणारे आप्पा पंचाहत्तरीचे. ते आणि काकू मुलाकडे कोरेगाव भीमाला राहायला निघाले होते. दोन खोल्यांत काय काय मावणार, म्हणून सामान आवरायला येऊन राहिलेल्या सुनेने घंटा लिलावात मांडली होती.

आप्पांनी ती कापडात गुंडाळून तयार ठेवली होती. पण हातातून सोडेनात. मग हळूहळू कळलं… आप्पा तीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायचे. ही त्यांचीच घंटा. ती वाजली की व्यापारी गोळा व्हायचे. पुढे यार्डात भोंगा आला आणि निवृत्तीच्या दिवशी घंटा आप्पांना मिळाली.

"सर, एक इचारू का?" आप्पा म्हणाले. "तुम्हाला पायजे व्हती, तर आठ दिस गप का बसला?"

मी माझं तंत्र समजावून सांगितलं. वर्गात सांगतो तसं, उदाहरणासह. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्याकडं कांद्याच्या ढिगापुढं व्यापारी गप उभा राह्यला, म्हंजी माल सडका. मी रोज सकाळी सूनबाईचा फोन बघायचो. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. म्हटलं, संपलं. तीस वर्षं वाजवली, ती आता कुणालाच नको हाय… आन् शेवटाला तुम्ही चौघं एकदम आला. मयताला आल्यावानी!"

मला हसू आलं. मग ते तोंडावरच राहिलं.

"एक गडी मात्र दिलदार निघाला," आप्पा पुढे म्हणाले. "पाचव्या दिवशी पाचशेची बोली लावली त्यानं. सोनचाफा म्हणून नाव व्हतं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो."

तो सोनचाफा मलाही आठवत होता. मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली होती. "नवशिका असणार," मी म्हणालो. "इतक्या आधी कोण बोली लावतं? जाणता माणूस असता तर…"

कपबशी वाजली. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या झाडाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"काय बघताय? व्हय, मीच," काकू म्हणाल्या. "सूनबाईकडनं नाव घालून घेतलं. चार दिस भरल्या ताटावरनं उठत व्हता तुम्ही. मग काय करू?"

"आन् तुलाच लागली असती तर?"

"तर काय! माझ्या पिशवीतनं नेली असती. दोन पातळं कमी."

नियमाप्रमाणे घरच्या माणसाने बोली लावणं गैरच… पण तो नियम सांगायला माझी जीभ उचलेना.

घंटा ठेवा आप्पा, असं मी म्हटलं, तर ते उखडलेच. "बोली तुमची लागली. एकाच्या नावाचा माल मी कवाच दुसऱ्याला दिला न्हाई."

"मग फेरलिलाव पुकारा," मी म्हणालो. "माल समोर, माणसं समोर."

आप्पा उठले. टोपी नीट केली. घंटा वाजवली… अंगणातल्या दोन कोंबड्या पळाल्या. आणि त्या वाळक्या छातीतून असा आवाज निघाला की मी आपोआप उभा राहिलो. "बोला ऽऽ!"

"पाचशे," काकू म्हणाल्या. चहाचा ट्रे हातातच.

"पाचशे… एक वार!" आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुरलेला माणूस, गप्प. "पाचशे… दोन वार!" तरी गप्प.

आप्पा थांबले. चार सेकंदांपेक्षा खूपच जास्त थांबले. माझी सवय त्यांना कळली होती ना… शेवटच्या क्षणाची वाट बघत होते. मी ट्रेमधल्या चहाकडे बघत राहिलो. त्याच्यावर साय धरायला लागली होती.

"तीन वार," आप्पा म्हणाले. हा आवाज मात्र यार्डातला नव्हता.

आमच्याकडे घंटा अजून एकवीसच आहेत. पण एक सवय मोडली. आता वस्तू आवडली की पहिल्याच दिवशी बोली लावून मोकळा होतो. बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी कुणीतरी मुरलेला येतो आणि ती घेऊन जातो… जाऊ दे. तिकडे कुणीतरी सकाळी उठून फोन बघतं, तेव्हा तिथे शून्य नसतं.