डावी खुर्ची

माझ्या मामाचं काचा बसवण्याचं दुकान आहे. खिडकीची काच तो इतकी नितळ बसवतो, की गिऱ्हाईक बोट लावून खात्री करतं, काच आहे की नाही. एवढं नाजूक काम करणारा माणूस पोटात एवढा पोटशूळ घेऊन कसा वावरतो, हे मला अजून कळलेलं नाही.

पोटशुळाचं कारण म्हणजे दातांचा डॉक्टर. फ्लाइंग क्लबात मामा जुना, डॉक्टर मागाहून आलेला. पण कानामागून आला आणि तिखट झाला. मामाकडे एका इंजिनाच्या विमानाचा परवाना. डॉक्टरने दोन इंजिनांचाही काढला. वर एकदा मामी डॉक्टरबरोबर चक्कर मारून आली आणि जेवताना म्हणाली, "भावजी काय उतरवतात हो विमान! झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं." मामा ताटावरून उठला.

तरीही मामा, मामी आणि डॉक्टर या तिघांनी भागीदारीत दोन इंजिनांचं एक वापरलेलं विमान घ्यायचं ठरवलं. मामीचे शिवणवर्ग आहेत, तेव्हा तिचा वाटा तिचाच. अट एकच, तिघांनीही हो म्हणायला हवं. मामाचं तर हे आयुष्यभराचं स्वप्न. पण विमान आलं की डाव्या, म्हणजे वैमानिकाच्या खुर्चीत बसणार डॉक्टर, आणि मामा स्वतःच्याच विमानात पाहुणा!

मग काय, पहिल्या विमानाचा रंग मामाला आजारी वाटला. दुसऱ्याच्या गाद्यांना कुत्र्याचा वास आला.

डॉक्टरने हुंगून पाहिलं. "मला तर नाही येत."

"दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावता. तुमचं नाक मेलंय," मामा म्हणाला.

तिसऱ्यात मात्र खोट सापडेना. मेकॅनिकने दोन्ही इंजिनं उघडून पाहिली. ना गंज, ना गळती. मामाने चाकाला लाथसुद्धा मारून बघितली. मामी त्याला ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाली, "यालाही नाक मुरडलं ना, तर मी भागीदारीतून बाहेर. सरळ नवी शिवणयंत्रं घेते."

चाचणीच्या फेरीत डॉक्टर डावीकडे, विकणाऱ्याचा वैमानिक उजवीकडे, मागे आम्ही तिघं. मामा खिडकीबाहेर बघतच नव्हता, डॉक्टरच्या मानेकडे बघत होता. उतरताना आडवा वारा आला. विमान धावपट्टीवर आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं. माझे दात वाजले. मामाचा चेहरा मात्र असा उजळला, की लग्नाच्या फोटोतही तो एवढा खूश नाही.

"घेऊन टाकू!" मामा ओरडला. "काय मजबूत चाकं आहेत हो!"

डॉक्टर ओशाळून मागे वळला. "सॉरी वहिनी."

"सॉरी कसलं? एवढ्या वाऱ्यात दुसऱ्याने विमान उलटवलंच असतं. तुम्ही म्हणून सांभाळलंत."

मामाचं हसू विरलं. पण हो तर म्हणून झालं होतं.

आता मामा दोन इंजिनांचं विमान शिकतोय. डाव्या खुर्चीत मामा, उजवीकडे शिक्षक, मागे हट्टाने मामी. उतरल्यावर ती अवाक्षर काढत नाही. आज तरी एखादा शब्द पडेल म्हणून मामा मान वळवून तिच्याकडे बघत बसतो. त्या नादात जुन्या सवयीने एकच इंजिन बंद करतो. मग हँगरच्या दारातून डॉक्टर हातवारे करत ओरडतो, "अहो, दुसरं! दुसरं!"