माळवदाची माती

मे महिना, १९७६. रविवार. शाळेला सुट्टी लागली होती आणि ऊन चढायच्या आत परसातला वाफा खणून संपवायचा होता. पहार मी चालवत होते. अक्का मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून मला बोलत होत्या.

"अगं मास्तरीण, पहार हाय ती, खडू न्हवं. जोर लाव की!"

"तुम्ही आत जाऊन बसा अक्का. ऊन लागेल."

"मी कशाला आत जाऊ? माजा वाफा हाय."

अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यात लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि त्या सोलापूरला भावाकडे आल्या त्या कायमच्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या, आणि एवढ्या वर्षांत 'माझं' म्हणून त्यांनी एका वस्तूवरही हात ठेवलेला मी पाहिला नव्हता. ट्रंकसुद्धा सासूबाईंची होती. त्यामुळे 'माजा वाफा' हे शब्द ऐकले आणि मी पहार थोडी जोरानं मारली.

त्यांचा ठरलेला शब्द वेगळाच होता. 'ब्याड.' कानडीत 'नको'. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण अक्कांचा नकार कायम कानडीत असायचा. ताटात पोळी वाढायला हात पुढे केला की पोळी पोचायच्या आधी 'ब्याड'. दिवाळीला लुगडं आणलं की 'मला ब्याड, भाचीला दे'. आंबे आणले की 'मला दात शिवशिवत्यात, ब्याड'. मी एकदा दुपारी पाणी प्यायला उठले तर त्या चुलीपाशी पाठमोऱ्या बसून आम्ही टाकलेली कोय चोखत होत्या, अगदी पांढरी होईपर्यंत. मला दया वगैरे काही आली नाही. रागच आला. संध्याकाळी एक अख्खा आंबा त्यांच्यापुढे ठेवला आणि खाईपर्यंत समोरून हलले नाही. त्यांनी खाल्ला, आणि वर मला म्हणाल्या, "लई जुलमी बाई हायेस तू."

कोणाला वाटेल, बाई मुळातच गरीब गाय असेल. अजिबात नाही. दुष्काळाच्या वर्षी रेशनच्या रांगेत मी त्यांना पाहिलंय. तांबडी मिलो ज्वारी यायची तेव्हा, आणि तीही पुरायची नाही. रांगेत एक पोटुशी बाई भोवळ येऊन खाली बसली, तर अक्का रांग मोडून थेट दुकानदारापुढे उभ्या.

"हिला आदी दे. दिसत न्हाय का? तुला डोळे हायती का बटणं लावल्यात?"

"अक्का, रांगेत या. तुमचं कार्ड कुठाय?"

"माज्या कार्डाचं राहू दे! हिचं माप घाल आदी. आन् ते माप नीट धर, तुजा अंगठा कशाला आमाला त्यात!"

सगळी रांग हसली. दुकानदारानं मुकाट्यानं माप घातलं. अक्कांनी त्या बाईला घरापर्यंत पोचवलं आणि स्वतः रिकामी पिशवी घेऊन परत आल्या, कारण तोवर दुकान बंद झालं होतं. दूधवाल्याशी, नळाच्या माणसाशी, मोलकरणीच्या दारुड्या नवऱ्याशीही त्या अशाच भांडायच्या. दुसऱ्याच्या वाट्याचं काही कमी पडलं की यांची जीभ सुटायची. स्वतःच्या वाट्याचं गेलं की 'ब्याड'. लोक याला मोठं मन म्हणायचे. मला तेव्हाही ते पटत नव्हतं, आजही पटत नाही.

एका गोष्टीत मात्र त्यांना 'ब्याड' म्हणता यायचं नाही. पूजा. रोज पहाटे न्हाऊन, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्या बसायच्या, आणि लिंगाला पांढरं फूल हवंच असायचं. आमच्या परसात मुरूम. गवतही धड नव्हतं. मग त्या परडी घेऊन गल्लीत निघायच्या आणि लोकांच्या कुंपणाबाहेर आलेल्या फांद्यांवरची तगर, कण्हेर तोडून आणायच्या. गल्लीत बऱ्याच जणींना ते चालायचं. समोरच्या बंगल्यातल्या वकिलीणबाईंना चालायचं नाही. त्या वर्षी चैत्रात, दूधवाला आणि दोन शेजारणी उभ्या असताना, त्या फाटकातून ओरडल्या, "केस पांढरे झाले तरी चोरीची सवय जात नाही का हो?"

रेशनवाल्याला बटणं दाखवणाऱ्या अक्का परडीतली फुलं वकिलीणबाईंच्या फाटकावर ठेवून घरी आल्या. त्या दिवशी पूजा नुसत्या विभूतीवर झाली. मी भाकरी थापत होते. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीण, परसात चार फुलापुरती जागा काढून देतीस का गं?"

एवढंच. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे एकदा काही मागितलं, ते हे.

म्हणून मी पहार घेतली होती. हातभर खाली मुरूम लागला, तो सगळा काढला. खड्डा आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यायचा, मग तळ्यातला गाळ आणि शेणखत मिसळून भरायचा, पहिल्या पावसानंतर मोगरा, तगर आणि कडेनं शेवंती लावायची, असं आमचं ठरलं. गाळासाठी गाडीवाल्याशी बोलणंही झालं होतं.

त्याच महिन्यात स्वयंपाकघराचं माळवद उतरवायचं निघालं. जुनी मातीची धाब्याची छपरं आमच्याकडे माळवदं म्हणूनच ओळखतात. ते दोन वर्षं गळत होतं, आता वर स्लॅब टाकायचा होता. गडी लागले आणि उतरवलेल्या मातीचा मोठा ढीग मागच्या दारात पडला. नेमकी त्याच वेळी माझी आई आजारी पडली आणि मी कुर्डुवाडीला गेले. परत आले तर ढीग गायब आणि वाफा काठोकाठ भरलेला, वरून फळी फिरवून सपाट केलेला. हे कंबरेवर हात ठेवून उभे होते.

"बघ. ढीगही हलला, वाफाही भरला. आता तुझा तो गाळ नको आणि गाडीवाला नको."

माती पिठासारखी मऊ होती, फिकट, दिसायला छान. मी कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली. माळवद मी लग्नानंतर पाहिलं, तेही खालून. मी त्यात शेणखत घातलं आणि पाऊस पडल्यावर रोपं लावली. अक्का शेजारी बसून रोपं हातात देत होत्या. काही बोलल्या नाहीत.

मोगऱ्याची पानं आधी कडेनं करपली, मग गळून पडली. शेवंतीनं मान टाकली. तगर तेवढी महिनाभर तग धरून होती, मग तीही वाळली. मी पुन्हा रोपं आणली, पुन्हा मेली. पाणी जास्त होतंय म्हणून कमी केलं, कमी होतंय म्हणून वाढवलं. नवी पेठेच्या तोंडाशी रोपं विकणाऱ्या माणसाला जाऊन झापलं, की तुमचा मोगरा किडका आहे. तो बिचारा दुसरी रोपं द्यायला लागला. ती घेऊन मी घरी आले, तर अक्का म्हणाल्या, "कशाला आणतीस गं? त्यात काय येत न्हाय."

"का येत नाही?"

"माळवदाची माती हाय ती. खारी. वर गवत उगवू नये, पानी मुरू नये म्हनून तर तसली बघून घालतात की. आमी ल्हान हुतो तवा दर वर्षी पाट्या भरून वर न्यायचो, बडवायचो. पायाला भेगा पडायच्या त्या खारानं."

मी रोपं खाली ठेवली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हय की."

"गडी भरत होते तेव्हा तुम्ही इथंच होता."

"हितंच हुते."

"मग बोलला का नाही?"

अक्कांनी पदरानं हात पुसले. "मल्लू लई खुशीत हुता. सकाळपास्नं गड्याबरोबर राबला. एवढं करून त्याला म्हनायचं, चुकलं तुजं?"

"हो! म्हणायचं! रेशनवाल्याला म्हणता, दूधवाल्याला म्हणता, भावाला का नाही?"

"ते काय माजे हायेत का? त्यांच्या घरात ऱ्हाते का मी?"

त्या वाक्यानं मी आणखीच चिडले. तशीच यांच्याकडे गेले. हे वर्तमानपत्र वाचत होते. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "माती ती माती. बरं, उकरून काढायची तर पुन्हा गडी, पुन्हा राडा. अक्काला विचारू. अक्का, तुला पाहिजे का गं तो वाफा?"

असं विचारतात का? पण विचारलं, आणि आतून उत्तर आलंच. "ब्याड, ब्याड. माज्यापायी कशाला?"

"बघ," हे म्हणाले, "तिलाच नकोय. दिवाळीनंतर बघू."

मी दिवाळीपर्यंत थांबणारी नव्हते. गाडीवाल्याला निरोप धाडला, दोन गडी ठरवले, माती काढून गाळ भरून द्या म्हणून सांगितलं आणि शाळेत गेले. संध्याकाळी आले तर वाफा तसाच. गडी नाहीत, गाळ नाही.

"गड्यास्नी परत धाडलं," अक्का म्हणाल्या. तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. "मल्लूला न सांगता घरात काम काढलं तर त्याला वाईट वाटंल. तुमच्या दोघांत माज्यावरनं भांडन ब्याड मला."

"भांडण तुमच्यावरून नाही, तुमच्याशी आहे!" मी ओरडले. "फुलं कोणाला पाहिजेत? मला? मी देवाला उदबत्ती लावून मोकळी होते. उद्या पुन्हा कुणाच्या कुंपणाशी जाणार आहात तुम्ही?"

"समोरच्या न्हाय जात. मागच्या आळीला जाते," त्या शांतपणे म्हणाल्या. "थोडं लांब पडतं, एवढंच."

त्यांचे गुडघे धरलेले होते. मागची आळी म्हणजे चढ. रोज पहाटे त्या हा चढ चढत होत्या, कारण भावाला 'चुकलं' म्हणायचं नव्हतं. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यात शेंगाचटणीची वेगळी पुडी बांधून दिली आणि म्हणाल्या, "फुगून फुगून फुटशील की गं." मला हसू आलं आणि त्याचाही राग आला.

दिवाळीनंतर शाळेच्या चाचण्या आल्या, मग यांचं ऑफिसचं ऑडिट आलं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी अक्का मागच्या आळीहून परत येताना चढावरच बसल्या. लोकांनी उचलून आणलं. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. परडी कुणीतरी दुसऱ्या दिवशी आणून दिली.

गावाकडचे नातेवाईक आले. जंगम आले, विधी झाले. शेवटी शिवगणाराधनेचं जेवण झालं आणि माणसं अंगणात सतरंजीवर पान खात बसली. आणि मग सुरू झालं, जे मला माहीत होतं की सुरू होणार.

"अशी बाई होणे नाही," चुलतसासरे म्हणाले.

"कधी वर मान केली नाही भावापुढं."

"एवढी वर्षं राहिली, पण काही मागितलं नाही हो कधी."

"काही म्हणजे काही नाही," हे म्हणाले. डोळे पुसत होते. खोटं नव्हतं ते रडणं, माझा त्याच्यावर काही आरोप नाही. "लुगडं आणलं तरी नको म्हणायची. अक्कानं माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही."

मी ताटं गोळा करत होते. ती तशीच खाली ठेवली.

"मागितलं होतं," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चुलतसासऱ्यांनी पान चावायचं थांबवलं.

"चार फुलांपुरती जागा मागितली होती. परसात. तुम्ही त्यात माळवदाची माती भरलीत. त्या तिथं बसून बघत होत्या आणि त्यांना माहीत होतं त्यात काही येणार नाही, आणि तुम्ही खुश आहात म्हणून त्या गप्प बसल्या. मग पाय दुखत असताना चढ चढून दुसऱ्यांच्या दारची फुलं आणत राहिल्या. मागितलं नाही म्हणू नका. दिलं नाही म्हणा."

"सुशीला, आज हे बोलायची वेळ आहे का?" मोठ्या जाऊबाई हळूच म्हणाल्या.

"मग कधी? त्या असताना त्या बोलू देत नव्हत्या."

हे उठून आत गेले. जाऊबाईंनी ताटं उचलली. मी माझा राग आवरला नाही आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. यांच्यावर राग होता, तो दिसला. अक्कांवरचा जास्त होता, तो कुणाला दाखवायची सोय राहिली नव्हती. एका बाईनं 'चुकलं' हा एक शब्द वाचवण्यासाठी स्वतःची एवढी फरफट करून घ्यायची, आणि आम्ही सगळ्यांनी जेवून उठून तिचं कौतुक करायचं, हे मला मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे उठायच्या आत मी पहार आणि फावडं घेऊन परसात गेले. माती पावसानं बसून थापीनं बडवल्यासारखी घट्ट झाली होती. ती फोडत गेले आणि पाटीनं वाहून पुढच्या दारात टाकत गेले, अगदी फाटकाच्या तोंडाशी, कारण गाडीवाल्याला तिथूनच उचलायची होती. ऑफिसच्या वेळेला हे सायकल घेऊन बाहेर आले आणि ढिगाशी थांबले. मी पाटी रिकामी केली.

"जायला वाट तरी ठेव," हे म्हणाले.

"नाही," मी म्हटलं, आणि दुसरी पाटी भरायला मागे गेले.