मागचं दार

भिलाईत, रुआबांध्याच्या आमच्या क्वार्टरसमोर ऑटो उभा होता. दुर्गहून पुण्याची गाडी धरायची होती आणि मी समोरच्या दाराकडं बॅग ओढून राहिले होते. मायनं बॅग धरली. "समोरून पाहुणे जातेत. तू मांगून निघ," म्हणाली. मग मी कपड्यांच्या दोरीखालून वळसा घालून ऑटोत बसले. आमच्याकडं घरच्या माणसाचं येणं-जाणं मागूनच. शेजारची काकू भाजीची वाटी घेऊन मागून येते. समोरची कडी वाजली की बाबा आधी शर्ट शोधतात.

पुण्यात पीएचडीला विषय घेतला, भिलाईतल्या स्टील प्लांटवाल्या मराठी कुटुंबांची ओळख. आपलेच लोक, आपलंच घर, त्यात काय मोठं, असं वाटलं. तुमच्यातले जे बाहेर गेले त्यांना ठाऊकच आहे, गाव सुटलं की गावाबद्दल फार अक्कल येते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या गाइड मॅडम सोबत आल्या. पाहुण्या म्हणून त्यांना समोरून नेलं, तिथवर ठीक होतं. माय ठेवणीतली साडी नेसून सोफ्याच्या कडेला बसली. मी रेकॉर्डर लावला आणि मॅडमसमोर शोभावं म्हणून माझ्या मायला विचारलं, "आपण भंडाऱ्याहून इथे स्थलांतरित झालात, तेव्हा आपल्याला काय वाटलं?" जन्मात मी तिला आपण म्हटलं नव्हतं. माय मान खाली घालून म्हणाली, "जी मैडम, अच्छा लगा." मॅडम माझ्या बाजूला होत्या, पण माय मलाच मैडम म्हणाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पुढचा प्रश्न मी तसाच विचारला, हे जास्त वाईट.

आता दिवाळीत एकटीच आले. बॅग घेऊन मुद्दाम मागून गेले. आतून कडी होती. मायनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"अवो, समोरून ये ना. इथं सारा पसारा हाये."

"माय, मी मांगूनच येईन."

"थांब मग जराशी," म्हणाली आणि आत जाऊन खरकटी भांडी उचलायला लागली. मी बाहेर दोरीखाली उभी. घर, ओळख, आपलेपणा यांवर मी पानंच्या पानं लिहिली बापा. आता मला एवढंच पाहिजे, की मायनं भांडी तशीच राहू द्यावी आणि मला आत घ्यावं. ते मीच घालवून बसले. आतून तिचा आवाज आला, "या आता."