मध्यंतराचा बुक्का

रामनवमीची पहाट. बंबातलं पाणी तापेपर्यंत म्हणून वेणूताई पुन्हा जराशा आडव्या होतात. झोप लागली म्हणावं तर देवळातली सनई ऐकू येतेय, आणि जाग आहे म्हणावं तर उशाशी यशवंतराव बसलेत. त्यांना जाऊन आठ महिने होत आले.

"तुम्ही? कुठून आलात?"

"कुठून म्हणजे? कारखान्यातून. सीझन आहे!"

सीझन! या शब्दाचा वेणूताईंना सवतीसारखा राग. सायकलला 'शीतधारा' शीतपेयाचे क्रेट बांधून पानपट्ट्या पालथ्या घालणारा हा माणूस पुढे त्याच कंपनीचा उपाध्यक्ष झाला, टाय लावू लागला. पण चैत्र उजाडला की घरचा उरायचा नाही. लोकांना ऊन लागलं की यांची दिवाळी. दर रामनवमीला कीर्तनाच्या मध्यंतरात गारेगार बाटल्या घेऊन यायचे, बुवांपुढे वाकून कपाळी बुक्का लावून घ्यायचे, की निघाले गाडीत. बाराला रामजन्म व्हायचा, पाळण्याची दोरी हाती घेऊन वेणूताई पाळणा म्हणायच्या, तेव्हा हे कुठल्यातरी एजंटच्या दुकानी. "पुढच्या वर्षी नक्की ऐकतो."

यंदा वेणूताईंनी देवळात निरोप धाडलाय, पाळणा दुसरं कुणी म्हणा.

"असं का गं केलंस?" ते विचारतात.

"तुम्ही एकदाही न ऐकता गेलात. आता कुणाला ऐकवू?"

आता दोघं कारखान्यात आहेत. पट्ट्यावरून बाटल्या किणकिणत चालल्यात, झांजाच जशा. पट्ट्याच्या टोकाशी बुवा उभे, आणि एका क्रेटला मोगऱ्याच्या माळा सोडून पाळणा केलेला. यशवंतराव टाय सैल करून चक्क मांडी घालतात.

"म्हण. आज कुठं जायचं नाही मला."

"शपथ घ्या देवाची."

"त्याच्या दारातनंच आलोय बाई, शपथ कसली घालतेस!"

दोरी ओली, थंडगार आहे. वेणूताई पहिलं कडवं म्हणतात. ते डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरतात, नेहमीसारखा चुकीचा. वेणूताईंना हसू येतं.

तोच भोंगा होतो. बाटल्या थांबतात.

"अहो, एकच कडवं झालंय!"

"गाडी लागली, वेणू."

"आणि पुढचं?"

"पुढचं देवळात म्हण. मी नाही म्हणून रामाला निजवायचं थांबतं होय?" ते बुवांच्या वाटीत अंगठा बुडवतात, वेणूताईंच्या मोकळ्या कपाळावर टेकवतात. अंगठा बर्फातून काढल्यासारखा. "मध्यंतरातून उठू नकोस. माझ्यासारखी."

बंब सूं सूं करतोय. खोलीत कुणी नाही. वेणूताई कपाळाला बोट लावतात. बोट काळं होतं.

सणाचं डोक्यावरून न्हायचं. पण त्या आज कपाळ जपत पाणी खांद्यावरूनच घेतात, आणि पाळणा गुणगुणू लागतात, दुसऱ्या कडव्यापासून.