लाल दोऱ्याचं खुरपं

फ्रीडा एजेने आयुष्यात कुणालाही पाच दिले नाहीत. आमच्या चाचणीबागेत फुलझाडांना शाळेतल्यासारखेच एक ते पाच गुण असत, आणि दर पंधरा दिवसांनी वही घेऊन ओळीओळीतून फिरायचं काम तिचं आणि माझं. जुलैच्या उन्हात पिटुनिया भाजून निघालेल्या, झिनियाच्या पानांवर भुरी, झेंडूवर लाल कोळ्यांची जाळी. ही बाई प्रत्येक पान उलटं करून बघणार, नाकाशी नेऊन हुंगणार आणि म्हणणार, "तीन." एखाद्या साल्वियाने अगदी जीव तोडून फुलून दाखवलं तर चार. पाच देवासाठी राखून ठेवलेत, पण त्यालाही अजून दिलेले नाहीत, असं ती म्हणायची.

गुण देण्याची ही खोड वहीपुरती नव्हती. माझ्या पुलावाला तीन. बागेचे प्रमुख जापारोव्ह यांच्या मे दिनाच्या भाषणाला दोन, तेही लवकर आटोपलं म्हणून. माझ्या लग्नात कुबातला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिने नीट न्याहाळलं आणि निकाल दिला: घोड्यावर चार, खाली उतरला की तीन. कुबात हे अजूनही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो.

ती जर्मन. सहा वर्षांची असताना, महायुद्धात, केवळ जर्मन म्हणून तिच्या अख्ख्या गावाला रेल्वेच्या गुरांच्या डब्यात कोंबून व्होल्गाकाठाहून इकडे किर्गीझ मुलखात आणून टाकलं होतं. मी किर्गीझ, तिच्याहून तेवीस वर्षांनी लहान. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मी तिला एजेच म्हणायचे आणि ती मला बुरुल. माझं पूर्ण नाव बुरुलचा, पण ते घ्यायला तिला वेळ नसे. मी डावखुरी. सगळे जण ओळ खुरपायला पाटाच्या टोकाकडून सुरुवात करत, मला कुंपणाच्या टोकाकडून सोयीचं पडे. मग ओळीच्या मध्यावर आमची डोकी आपटायची आणि ती म्हणायची, "आली बघा उलट्या गावची."

चाचणीबागेत औषध मारत नाहीत. लोकांना ते खरं वाटत नाही. मावा चढतो, तुडतुडे पानं पिवळी करतात, आणि आम्ही हाताची घडी घालून बघत उभे. पण कोणतं झाड आमच्या खोऱ्यातला उन्हाळा स्वतःच्या बळावर काढतं हेच तर बघायचं असतं. फवारा मारला तर गुण फवाऱ्याला द्यावे लागतील. एकच खबरदारी आम्ही डोळ्यांत तेल घालून घ्यायचो. ओळ संपली की खुरपं गुलाबी औषधी पाण्याच्या बादलीत बुचकळायचं, मगच पुढची ओळ, म्हणजे एकीचा रोग दुसरीला जात नाही. संध्याकाळी शेवटच्या ओळीनंतर बुचकळून ठेवलेलं खुरपं सकाळी शुद्धच धरायचं. ते सकाळी कुणी धूत नसे. हे जरा लक्षात ठेवा.

चौदावी ओळ तिची स्वतःची होती. त्यात अ‍ॅस्टर होतं, फिकट निळं, मध्यभागी पांढरं. सोळा वर्षं निवड करत करत तिने ते तयार केलं होतं, आणि का ते बागेत सगळ्यांना ठाऊक होतं.

तिला एक मुलगी होती, लिली. सत्तर साली ती पहिलीत जाणार होती. तपकिरी फ्रॉक, पांढरा एप्रन, केसांच्या फिती, सगळं इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेलं. एक सप्टेंबरला, शाळेच्या पहिल्या दिवशी, पोरं बाईंसाठी फुलांचा गुच्छ नेतात, तर लिलीने अंगणातले अ‍ॅस्टर आधीच ठरवून टाकले होते आणि रोज उठून कळ्या मोजायची. त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता, कळ्या उमलायचं नाव घेईनात. सत्तावीस ऑगस्टला तीन दिवसांच्या तापात पोर गेली. एजेने शवपेटीत त्या मिटलेल्या कळ्याच ठेवल्या. नवरा पुढे वर्षभराने कुठेतरी निघून गेला. त्याला तिने एक दिला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. कितीही ऊन तापो, एक सप्टेंबरच्या आत खात्रीने उमलेल असं अ‍ॅस्टर हवं. शहाऐंशी साली ते चाचणीत घेतलं गेलं. तीन उन्हाळे नीट पार पडले की समिती मंजुरी देणार आणि वाणाला नाव मिळणार. अर्जावर तिने नाव लिहिलं होतं, 'लिली'.

आपल्याच ओळीला आपण गुण देणं बरं नाही म्हणून तिथे ती वही माझ्या हातात द्यायची. पहिल्या उन्हाळ्यात मी पाच लिहिले. तिने वही ओढून घेतली, खोडलं आणि चार केले. दुसऱ्या उन्हाळ्यात मी मुकाट्याने चारच लिहिले. पण अ‍ॅस्टर दोन्ही वर्षी चोवीस ऑगस्टला उमललं होतं, आणि त्या दिवशी ती घरी जाताना गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

तिसरा उन्हाळा अठ्ठ्याऐंशीचा. माझी मुलगी आयझात त्या वर्षी पहिलीत जाणार होती. एजे एकदा सहज बोलावं तसं म्हणाली की मंजुरी मिळाली तर पहिला गुच्छ आयझातच्या हातात जाईल. मी घरी येऊन खूप रडले, आणि कुबातला वाटलं नोकरी गेली.

जूनच्या अखेरीस पाटाच्या कडेवरून घसरून एजेचं पाऊल मोडलं. प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून ती घरी बसली आणि मला म्हणाली, लिलीच्या थडग्याला पाणी घालशील का. तिथेही अ‍ॅस्टरच असायचे, अठरा वर्षं, त्याच हातभर जागेत. तिथलं खुरपं वेगळं होतं. त्याच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला आणि ते फडक्यात बांधून तिच्या स्वयंपाकघरातल्या बाकाखाली पडलेलं असे. मला वाटे, पोरीची वस्तू म्हणून वेगळी ठेवलीय. पाणी घाल, एवढंच ती म्हणाली होती.

मी बागेतूनच परस्पर गेले. थडग्यावर गवत माजलेलं. दोन-तीन रोपं एका अंगाने पिवळी पडून माना टाकून उभी. आठवडाभर पाणी नाही, तहानली असतील बिचारी, असं मनात आलं. आठ वर्षं मी हेच काम करत होते. दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात ते पिवळं अंग दिसलं असतं तर मी चार हात लांब उभी राहिले असते. पण तो लिलीचा वाफा होता. एजे बघेल तेव्हा तिला कसं लख्ख दिसलं पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं. पिशवीत बागेचं खुरपं होतं. मी गवत काढलं, मेलेली रोपं उपटली, माती भुसभुशीत केली आणि मनातून फार सुखावले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शुद्ध धरलेल्या खुरप्याने चौदावी ओळ खुरपायला बसले.

जुलैच्या मध्यावर पहिलं रोप गेलं. आधी एका बाजूची पानं पिवळी, मग कळी खाली. एजे तेव्हा कुबडी घेऊन बागेत यायला लागली होती. तिने रोप उपटलं, चाकूने देठ उभा चिरला आणि माझ्यासमोर धरला. आत तपकिरी रेघ होती. मर रोग. मातीत बसतो, सहा-सहा वर्षं राहतो, आणि अ‍ॅस्टरला त्यावर उपाय नाही. एकाच जागी वर्षानुवर्षं अ‍ॅस्टर लावलं की हटकून येतो. त्या रेघेकडे बघताना मला थडग्यावरची ती माना टाकलेली रोपं आठवली, आणि त्या दिवशी पिशवीत असलेलं बागेचं खुरपं.

मी सांगितलं नाही. सांगायला म्हणून मी तीनदा तिच्या घरी गेले. एकदा दूध घेऊन परत आले, एकदा तिचे पडदे धुऊन आले, तिसऱ्यांदा दारातूनच वळले. रोज सकाळी आणखी एक-दोन माना खाली असायच्या, आणि मी शेजारच्या ओळीत बसून झेंडूवरचे कोळी मोजायचे.

समिती यायच्या आठवडाभर आधी जापारोव्ह आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, पाठीमागच्या राखीव वाफ्यात याच वाणाची चाळीस रोपं ठणठणीत आहेत. रातोरात नाही तरी दोन दिवसांत ती इथे हलवता येतील. कोण बघतंय? निदान पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी मागा, कारण म्हणून ऊन लिहा.

एजेने कुबडी बगलेत नीट बसवली. "ऊन बाकीच्या ओळींनाही होतं," ती म्हणाली. "एका खुरप्याची माती ज्याला सोसत नाही, ते शाळेच्या दारातल्या वाफ्यात किती दिवस टिकणार? चाचणी कशासाठी असते, जापारोव्ह?"

खुरपं हा शब्द ऐकून माझ्या हातातली झारी पडली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. वही मात्र त्या दिवशी तिने मला दिली नाही. चौदाव्या ओळीसमोर स्वतः लिहिलं, 'एक'. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'अवजाराची स्वच्छता राखली नाही. जबाबदार: फ्रीडा केलर.' ओळींची मुकादम तीच, म्हणून तिने दोष अंगावर घेतला, असं मी स्वतःला समजावलं. तेवीस ऑगस्टला आम्ही ओळ उपटून जाळली, राखीव वाफाही जाळला. आगीत काही कळ्यांचा निळा रंग दिसत होता.

एक सप्टेंबरला ती शाळेच्या फाटकाशी आली. हातात बाजारातून आणलेले लाल ग्लॅडिओलस. जन्मात फूल विकत न घेतलेली बाई. तिने ते आयझातच्या हातात दिले, तिच्या फिती नीट केल्या, आणि घंटा व्हायच्या आत निघून गेली.

मग काळ बदलला. देश फुटला, बागेचा पगार थांबला, जर्मन माणसं एकेक करून जर्मनीला जायला लागली. एजेची बहीण सगळं कुटुंब घेऊन निघाली आणि तूही चल म्हणून सगळे एजेच्या मागे लागले. तिच्या अंगात त्राण नव्हतं, इथे जवळचं कुणी उरलं नव्हतं, शेवटी ती तयार झाली. ब्याण्णवच्या मार्चमध्ये मी तिला अल्माटीच्या बसवर सोडायला गेले. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेली वस्तू होती. तिने ती माझ्या हातात ठेवली. उघडायची गरज नव्हती, मुठीचा लाल दोरा बाहेर आला होता.

"हे तिथलं," ती म्हणाली. "तिथेच वापर. बागेत नेऊ नकोस. एकदा झालं तेवढं पुरे."

मी तो दोरा परत फडक्यात खोचला. मग विचारलं, "एजे, तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. पहिलं रोप कुंपणाच्या टोकाला मेलं, बुरुल. तिथून कोण सुरुवात करतं?"

"मग बोलली का नाहीस? मला चार थोबाडीत द्यायच्या होत्यास."

बसवाला सामान चढवायला ओरडत होता. तिने माझा डावा हात धरला, आपल्या खरखरीत हातात दाबला.

"बोलले असते तर शरमेने तू थडग्याकडे फिरकली नसतीस. मी एक दिवस जाणार हे मला दिसत होतं. लिलीला दुसरं कोण होतं?"

बस गेली. मी फलाटावर बसकण मारून रडले, येणारे जाणारे बघत होते. चार वर्षं ती हे मनात घेऊन माझ्या शेजारी बसून माझा पुलाव खात होती आणि त्याला तीन देत होती.

जाताना तिने आपल्या निळ्या अ‍ॅस्टरच्या जुन्या बियांची उरलेली पुडीही नेली होती. त्या उन्हाळ्यात पत्र आलं, बाल्कनीतल्या कुंडीत सगळं बी पेरलं, एकही उगवलं नाही. अ‍ॅस्टरचं बी जेमतेम दोन वर्षं जगतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, तरी पेरलं. शहाण्णव साली बहिणीचं पत्र आलं की फ्रीडा गेली. तिला तिकडेच पुरलं.

मर मातीत सहा वर्षं राहतो, म्हणून मी सहा वर्षं लिलीच्या थडग्यावर झेंडू लावला. लाल दोऱ्याचं खुरपं माझ्या बाकाखाली असतं. कुबातलाही त्याला हात लावायची मुभा नाही. सातव्या वर्षी बाजारातून साध्या जांभळ्या अ‍ॅस्टरची रोपं आणली. लावली, पाणी घातलं, दर आठवड्याला जाऊन पानं उलटी करून बघितली. मावा होता, मर नव्हता. एक सप्टेंबरला गेले तेव्हा सगळ्या कळ्या मिटलेल्या होत्या. मी नवव्या दिवसापर्यंत रोज जात राहिले, तेव्हा कुठे पहिलं फूल उमललं.

नऊ दिवस उशीर. एजे असती तर दोनाच्या वर सरकली नसती. मी लिलीच्या दगडाशी बसून मोठ्याने पाच म्हटलं, आणि खोडायला कुणीच आलं नाही.